कार्टून काढून पोट भरेल का?

यंदाच्या आषाढात महाबळेश्वर तालुक्यातल्या एका गावात ओसरीवर बसलो होतो. पाऊस असा, की पत्र्याच्या आवाजात समोरच्याचं बोलणं ऐकू येईना. विषय स्ट्रॉबेरीच्या रोपांचा चालला होता. मध्येच घरचे कारभारी जवळ सरकले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, आमचं धाकटं पोरगं दिवसभर कार्टून काढत बसतंय. म्हणतंय ष्टुडिओ काढायचाय, कंप्युटर घेऊन द्या. मदर प्लांटची उधारी अजून फिटायचीय. आता तुम्हीच सांगा, यात पोट भरतं का?"

पोरगं दाराआड उभं राहून ऐकत होतं. बारावी झालेलं, शेतात हाताखाली पडणारं, पण जीव मोबाइलमध्ये.

मी कृषी पदविकेचा माणूस. २०२५ साली आमचं पदनाम कृषी सहायकाचं सहायक कृषी अधिकारी झालं, तरी गावाला आम्ही भाऊसाहेबच. खत, कीड, अनुदान यांवर विचारलं तर उत्तर तयार असतं. या प्रश्नावर मात्र "बघू" म्हणून उठलो. घाट उतरताना वाटलं, हा प्रश्न एका घरचा नाही. तालुक्यातल्या निम्म्या गावांत असं एखादं पोरगं निघेल. शिवाय गेली तीन-चार वर्षं मी स्वतःही शेतीचे लहान लहान व्हिडिओ करून ठेचा खाल्ल्या आहेत. म्हणून हा लेख.

कॅमेरा आपल्याकडे नवा नाही

वाई आणि मेणवलीच्या घाटावर किती सिनेमे झाले ते त्या भागातल्या लोकांना तोंडपाठ आहे. २००४ सालचा 'स्वदेस' मेणवलीतच चित्रित झाला. पण त्यात गावाच्या वाट्याला काय आलं? चार दिवस गर्दीत उभं राहायची रोजंदारी आणि जेवणाचे डबे. कॅमेरा मुंबईचा आणि गोष्टही मुंबईचीच.

हे चित्र बदललं ते सप्टेंबर २०१६ नंतर. जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि गड्याच्या खिशातल्या मोबाइलवरही व्हिडिओ चालायला लागला. त्यानंतरच्या काळात आपल्याच सातारा जिल्ह्यात कोरी पाटी प्रॉडक्शनच्या मंडळींनी नितीन पवार यांच्या दिग्दर्शनाखाली 'गावाकडच्या गोष्टी' ही मालिका केली. थिएटर नाही, टीव्ही नाही, थेट मोबाइलवर. माणसं गावातली, बोली आपली, भांडणंही आपलीच. लोकांनी ती उचलून धरली. आपल्या बोलीत आपलंच काही दाखवलं तर बघणारा मिळतो, एवढं त्यातून नक्की कळलं. पण ती गोष्ट सांगणाऱ्यांची फळी होती. दाराआडच्या पोराला करायचंय ते वेगळं, म्हणजे चित्रं हलवायचं काम.

आणि या कामाची सुरुवात, बंधूंनो, शेतीपासून झाली आहे असं म्हटलं तर नवल वाटेल. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढण्याआधी, १९१२ साली, एका कुंडीत वाटाणा लावला. महिन्याहून जास्त दिवस कॅमेरा कुंडीसमोर ठेवून थोडी थोडी फिल्म घेतली. पडद्यावर ती चालवली तेव्हा अंकुर फुटून वेल वर चढताना दिसला. 'अंकुराची वाढ' असं त्या फितीचं नाव. ही करामत दाखवूनच त्यांनी पुढच्या सिनेमासाठी भांडवल उभं केलं. पुढे त्यांनी आगकाड्या एकेक सरकवून, दर वेळी चित्र घेऊन, 'आगकाड्यांची मौज' केली. आज ज्याला ॲनिमेशन म्हणतात ते हेच. वस्तू जरा सरकवायची, चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायची. फाळक्यांनी आधी करून दाखवलं आणि मग पैसे मागितले, हा क्रम लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडणार आहे.

जिथे कॅमेरा पोचत नाही

तुम्ही म्हणाल, शेताचा व्हिडिओ मोबाइलने काढता येतो, मग कार्टून कशाला? रास्त आहे. पुष्कळ कामांना कार्टूनची गरजच नाही. गादीवाफा कसा ओढायचा, मल्चिंगला भोक कसं पाडायचं, हे दाखवायला एक माणूस आणि त्याचे दोन हात पुरेत. माझा अनुभव असा, की कॅमेरा तोंडावर न धरता हातावर धरावा. साहेबाचं भाषण कोणी बघत नाही.

पण काही गोष्टी डोळ्याला दिसतच नाहीत. ठिबकचं पाणी मातीत गेल्यावर कसं पसरतं, मुळाशी काय चाललंय, पानावर पडलेला करप्याचा बीजाणू आत कसा शिरतो, मधपेटीत राणीमाशी काय करते. इथे चित्रच लागतं.

वाकड्या फळाचंच घ्या. स्ट्रॉबेरीचं फळ वेडंवाकडं निघालं की शेतकरी म्हणतो खत कमी पडलं, बोरॉन टाका. बोरॉन कमी असेल तर तसं होतं हे खरं, पण कारण दर वेळी तेच नसतं. स्ट्रॉबेरीच्या सालीवर जे बारीक पिवळे दाणे दिसतात ते एकेक बी आहे. त्या प्रत्येक बीजापर्यंत परागकण पोचावा लागतो. बी भरलं तरच त्याच्या भोवतीचा गर फुगतो. एका अंगाची बी भरली नाहीत, की ते अंग बसकं राहतं आणि फळ वाकडं होतं. म्हणजे प्रश्न मधमाशीचा असतो. फुलोऱ्यावर नको ती फवारणी केली, माशी फिरकली नाही, आणि फळ दुसऱ्या प्रतीत गेलं.

हे मी बैठकांतून किती वेळा सांगितलं असेल. लोक मान हलवतात, आणि फवारणी सकाळी दहाला, माशी फुलावर असतानाच करतात. मग त्या पोराला म्हटलं, एवढं एक करून दाखव. त्याने पुठ्ठ्याची स्ट्रॉबेरी कापली, तांदळाच्या कण्या पिवळ्या रंगवून चिकटवल्या, कागदाची माशी केली. आईचा पाट, वर दोरीने बांधलेला मोबाइल, उजेडाला दोन बल्ब. माशी एका बाजूनेच फिरते, ती बाजू फुगते, दुसरी तशीच राहते. चाळीस सेकंदांचा खेळ. आवाज त्याच्या आजीचा: "माशी जिथं बसली न्हाई, तिथं फळ बसलं." मी ते ग्रुपवर टाकलं. दुसऱ्या दिवशी तिघांचे फोन आले, की फवारणी किती वाजता करायची. बैठकीनंतर असा एकही फोन मला आजवर आलेला नाही.

मध हा तालुक्याचा जुना विषय. २०२२ साली मांघर हे 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झालं तेव्हा बाहेरची माणसं पेट्या बघायला येऊ लागली. पेटीचं झाकण रोज उघडून दाखवलं तर सातेरी माशी वसाहत सोडून जाते. तिथे पेटीच्या आतलं चित्र मोबाइलवर दाखवता आलं तर पाहुण्यालाही कळेल आणि माशीलाही त्रास होणार नाही.

दुनियेत हे कोणी केलं आहे का

केलं आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात बॅरी पिटेंड्रिग या कीटकशास्त्रज्ञाने आणि ज्युलिया बेलो-ब्राव्हो यांनी २०११च्या सुमारास 'सायंटिफिक ॲनिमेशन्स विदाउट बॉर्डर्स' हे काम उभं केलं. खेड्यातल्या माणसाच्या साध्या मोबाइलवर चालेल असं कार्टून करायचं, एवढाच हेतू. चवळीला भुंगा लागू नये म्हणून हवाबंद साठवण कशी करावी, कडुनिंबाच्या बियांचा अर्क कसा काढावा, असे विषय. त्यांची युक्ती मला फार आवडली. चित्रातली माणसं आपसात बोलत नाहीत, एकच आवाज मागून सगळं सांगतो. त्यामुळे चित्र एकदा केलं, की आवाज बदलून तीच फीत कितीतरी भाषांत नेता येते. सुरुवातीच्या काळात त्या फिती एका मोबाइलवरून दुसऱ्यावर ब्लूटूथने जायच्या, इंटरनेट नसलं तरी.

आपल्या देशात रिकिन गांधी यांनी २००६ साली बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये 'डिजिटल ग्रीन'चं काम सुरू केलं. २००८ पासून ती स्वतंत्र संस्था झाली. गावातल्याच शेतकऱ्याचा व्हिडिओ काढायचा आणि लहान प्रोजेक्टरवर शेजारच्या गावांत दाखवायचा. पण नुसता दाखवून उठायचं नाही. मध्ये थांबवायचा, विचारायचं, वाद होऊ द्यायचा. कर्नाटकातल्या खेड्यांत त्यांनी पहिले प्रयोग केले तेव्हा नेहमीच्या विस्तार पद्धतीपेक्षा कितीतरी जास्त शेतकऱ्यांनी नवी पद्धत उचलली, आणि खर्चही कमी आला. बघणाऱ्यांचा पहिला प्रश्न मात्र तंत्राचा नसायचा. हा कोण, कुठल्या गावचा, हे आधी विचारलं जायचं. माझंही तेच होतं. व्हिडिओत भिलारचा माणूस दिसला तर गुरेघरचा बघतो. परमुलखातला दिसला, की "त्यांची जमीन वेगळी" म्हणून बोटाने वर सरकवून देतो.

माझी चूक

आता थोडं कडू सांगतो, कारण स्टुडिओ काढणाऱ्या पोरांनी हे आधी ऐकावं.

काही वर्षांपूर्वी, वेगळ्या ठिकाणी असताना, मी रोपवाटिकेतल्या करप्यावर एक व्हिडिओ केला. पावसाळ्याचे दिवस, घाईत काढलेला. बुरशीनाशकाचं नाव सांगितलं आणि म्हणालो, "पंपाला तीस मिली." माझ्या डोक्यात पंधरा लिटरचा पाठीवरचा पंप, म्हणजे लिटरला दोन मिली. बरोबर प्रमाण. व्हिडिओ ग्रुपवर गेला, तिथून पुढच्या ग्रुपवर गेला.

चार-पाच दिवसांनी एकाचा फोन आला. रोपांच्या पानांच्या कडा करपल्या होत्या. जाऊन बघितलं. त्याच्याकडे रोपवाटिकेसाठी घेतलेला आठ लिटरचा हातपंप होता. त्यानेही "पंपाला तीस मिली"च टाकले होते. प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं. दुसरा एक भेटला, त्याच्याकडे दोनशे लिटरच्या पिंपातून फवारणारा एचटीपी. त्याच्या लेखी तोही पंपच. तीस मिलीत दोनशे लिटर मारून तो बसला होता वाट बघत, करपा काही हटेना. एकच वाक्य, एकाचं पान जळलं आणि दुसऱ्याचा रोग वाढला. दोघांनीही मी सांगितलं तसंच केलं होतं.

मी व्हिडिओ काढून टाकला, दुरुस्तीचा दुसरा टाकला. पण पहिला थांबला नाही. दोन वर्षांनी तोच व्हिडिओ मला परत आला. कोणीतरी माझं नाव पुसून वर दुसरंच काही चिकटवलेलं होतं आणि खाली लिहिलं होतं, "अत्यंत उपयुक्त माहिती, पुढे पाठवा." बैठकीत चुकलं तर पुढच्या बैठकीत सुधारता येतं. मोबाइलवर सुटलेली चूक परत बोलावता येत नाही.

तेव्हापासून मी काही नियम धरले आहेत आणि पोरांनाही तेच सांगतो. प्रमाण नेहमी एक लिटर पाण्याला सांगायचं, पंपाला कधीही नाही. तोंडाने सांगायचं आणि ठळक अक्षरांत पडद्यावरही लिहायचं, कारण बरेचजण आवाज बंद करून बघतात. औषधाच्या लेबलवर ज्या पिकाचं नाव आहे त्याच पिकाला ते सांगायचं. काढणीआधी किती दिवस फवारायचं नाही, तो आकडा सोडायचा नाही. स्ट्रॉबेरी दिवसाआड तोडली जाते, तिथे हा आकडा म्हणजे खाणाऱ्याच्या जिवाशी गाठ. आणि प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात महिना, वर्ष आणि भाग लिहायचा. फीत कापून पुढे पाठवली तरी ती कधीची हे कळलं पाहिजे. चित्रं हलवणाऱ्या पोराला यातलं सगळं कळेल असं नाही. म्हणून शेतीचा मजकूर आधी कागदावर लिहून कृषी विज्ञान केंद्राकडून किंवा आमच्याकडून सही घेऊन मगच चित्राला हात लावावा. बोरगाव आणि कालवडे, दोन्ही केंद्रं आपल्याच जिल्ह्यात आहेत.

औषध दुकानदार पैसे देऊन आपल्या मालाचा व्हिडिओ करून मागतील. करायला हरकत नाही, पण ती जाहिरात आहे असं स्पष्ट लिहावं. गावात नाव एकदाच जातं.

आता पैशाचं बोलू

कारभाऱ्यांचा खरा प्रश्न इथे आहे. पोरांना वाटतं, यूट्यूबवर टाकलं की पैसे सुरू. जाहिरातीतला वाटा मिळायला एक हजार वर्गणीदार आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं जाणं, ही यूट्यूबची २०१८ पासूनची मुख्य अट. आखूड व्हिडिओंसाठी वेगळा हिशेब आहे, तो याहून सोपा नाही. चार हजार तास म्हणजे किती? दोन मिनिटांचा व्हिडिओ पूर्ण बघणारे एक लाख वीस हजार वेळा लागतात. २०११च्या जनगणनेत आपल्या तालुक्याची लोकसंख्या सत्तर-पंचाहत्तर हजार. म्हणजे तान्ह्या मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्या तालुक्याने तो दीड वेळा बघायला हवा. तेव्हा कुठे पैसे सुरू होतात, तेही थोडे.

आणि दुसऱ्याच्या अंगणात मांडलेला बाजार कधी उठेल सांगता येत नाही. २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी आली. खेड्यापाड्यांतल्या किती पोरापोरींचे बघणारे एका रात्रीत गेले. म्हणून मूळ फिती स्वतःच्या डिस्कवर ठेवाव्यात, दोन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरी.

मग उत्पन्न कुठलं? माझं मत असं, की बघणाऱ्यांच्या संख्येवर विसंबू नये, काम करून बिल घ्यावं. महाबळेश्वर-पाचगणीत लॉज, हॉटेल, कृषी पर्यटन केंद्रं आहेत. स्ट्रॉबेरीची रोपं विकणाऱ्या रोपवाटिका आहेत. भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, तिथे येणाऱ्याला वाट दाखवणारी फीत लागते. खाली तासगाव-मिरज भागात द्राक्ष बागाईतदार आणि शेतकरी कंपन्या आहेत, त्यांना मजुरांना शिकवायला लहान व्हिडिओ लागतात. घडाला हात कसा लावावा हे नव्या मजुराला दर हंगामात नव्याने सांगावं लागतं. शाळा आहेत, पतसंस्था आहेत.

ग्रामपंचायत अधिकारी बंधूंनो, इथे तुमचाही संबंध येतो. गावचा विकास आराखडा ग्रामसभेत वाचून दाखवला की पाचव्या मिनिटाला माणसं उठतात. तोच आराखडा, कुठली पाइपलाइन कुठून जाणार, कुठला ओढा अडवणार, दोन मिनिटांच्या हलत्या नकाशावर दाखवला तर लोक प्रश्न विचारतील. काहींना ते नको असेल, ती गोष्ट वेगळी. काम गावातल्या पोराला द्या, पण रीतसर दरपत्रक घेऊन द्या आणि बिल मार्चपर्यंत लोंबकळत ठेवू नका. सरकारी कामात मोठा कंत्राटदार थांबू शकतो, ओसरीवरचा स्टुडिओ थांबू शकत नाही. पोरांनीही निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय पाटावर पुठ्ठा मांडू नये. आणि किती वेळा बदल करून देणार ते आधी लिहून द्यावं. "जरा तो बैल तांबडा करा" म्हणणाऱ्याला त्या एका बैलाची शंभर चित्रं असतात हे माहीत नसतं.

मेहनतीचा हिशेबही मांडतो. हाताने काढलेल्या चित्रांत सेकंदाला बारा चित्रं तरी लागतात. दोन मिनिटांची १,४४० चित्रं होतात. एकट्याने काढायची तर दिवाळी गाठेल. म्हणून लहान स्टुडिओने कापलेल्या बाहुल्यांचं तंत्र धरावं. हात, पाय, डोकं वेगळं कापायचं आणि सरकवायचं. हेच काम पुढे कंप्युटरवर करता येतं. ब्लेंडर, क्रिटा, ओपनटून्झ ही ॲनिमेशनची सॉफ्टवेअर फुकट आणि कायदेशीर मिळतात, चोरून घ्यायची गरज नाही. मराठी अक्षरांसाठी मुक्त, बलू असे फॉन्ट फुकट वापरता येतात. सिनेमातलं गाणं मात्र लावू नये. हक्कवाल्याने तक्रार केली की फीत उडते, आणि तीन तक्रारी झाल्या तर सगळं खातंच जातं. गावात ढोलकीवाला आहे, सनईवाला आहे, त्यांना बिदागी द्या आणि आपलं संगीत करून घ्या.

कर्जाचं म्हणाल तर मुद्रा योजनेत शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत आणि किशोर गटात पाच लाखांपर्यंत कर्ज मिळतं. उद्यम नोंदणी फुकट होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. पण बँकेकडे जाण्याआधी हातात दोन-चार बिलं असावीत, असं माझं मत आहे. फाळक्यांचा वाटाणा आठवा.

पावसाचं गणित

महाबळेश्वरात स्टुडिओ काढणं आणि पुण्यात काढणं यात फरक आहे. आपल्याकडे वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. या दिवसांत बाहेर कॅमेरा काढायची सोय नाही. धुक्यात समोरचा डोंगर दिसत नाही, दिवसदिवस वीज नसते. पण शेतातली कामंही कमी असतात. म्हणून वर्षाची वाटणी आपोआप होते. प्रत्यक्ष चित्रण कार्तिकापासून चैत्रापर्यंत, स्ट्रॉबेरीच्या हंगामात. पाटावरचं कार्टून आषाढ-श्रावणात, घरात बसून. स्ट्रॉबेरीवाल्याच्या घरात हा जोडधंदा बसतो तो यामुळेच, पूर्णवेळ धंदा म्हणून नव्हे.

पत्र्याखाली आवाज भरता येत नाही, हे पहिल्याच दिवशी कळतं. त्या पोराने गाद्या-गोधड्या ठेवायची आतली खोली धरली. चारी बाजूंनी गोधड्या, पहाटे पाऊस उघडला की आजीला उठवायचं. आजी कुरकुरते, पण आवाज स्वच्छ येतो. लेन्सला बुरशी चढते, द्राक्षाच्या पानाला चढावी तशी. कॅमेरा आणि मोबाइल घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावा. कंप्युटर घ्यायचा झालाच तर त्याच्या आधी इन्व्हर्टरचा विचार करावा. विजेच्या एका झटक्यात आठवड्याचं काम गेलं, असं सांगणारी पोरं मला भेटली आहेत.

ड्रोनचा मोह आवरावा. २०२१चे ड्रोन नियम आहेत, वनखात्याची हद्द आहे, आणि महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. परवानगी विचारल्याशिवाय वर काही उडवू नये. बायाबापड्यांचे चेहरे, मुलांचे चेहरे न विचारता टाकू नयेत, हे तर सांगायलाही नको. पण सांगावं लागतं.

लाँचमधून गेलेली फीत

तापोळ्याच्या पलीकडे, कोयनेच्या पाण्याच्या त्या बाजूला कांदाटी खोरं आहे. लाँचने जावं लागतं आणि मोबाइलची रेंज येते-जाते. तिथे व्हॉट्सॲपवर टाकलेला व्हिडिओ नुसता गोल गोल फिरत राहतो. श्रावणात मी वाकड्या फळाची फीत आणि मधपेटीची आणखी एक, मेमरी कार्डवर घेऊन गेलो. देवळात दहा-बारा माणसं. चादरीवर लहान प्रोजेक्टर लावला. स्ट्रॉबेरी तिथे फारशी नाही, म्हणून माशीवरच बोललो. अर्ध्यावर फीत थांबवून विचारलं, पुढे काय होईल? एक म्हातारबा म्हणाले, "व्हईल काय, माशी पळंल. तुमचं खोकं उन्हात ठेवलंय." चित्रात पेटी खरंच उघड्यावर काढलेली होती. पोराच्या लक्षात आलं नव्हतं आणि माझ्याही नाही. परत आल्यावर त्याने पेटीवर जांभळीची सावली काढली.

निघताना तिघांनी ब्लूटूथवर फीत घेतली. एकीने विचारलं, "ह्यो आवाज कुणाचा?" आजीचं गाव सांगितलं, तर तिचं माहेर त्याच गावचं निघालं. मग मधमाशी बाजूला राहिली आणि लग्नाकार्याच्या गोष्टी सुरू झाल्या.

कारभाऱ्यांना मी शेवटी काय सांगितलं ते लिहितो. यंदा उधारी आधी फेडा, कंप्युटर नको. पोराला बाराशे-पंधराशेचा कॉलरचा माइक आणि एक तिकाटणं घेऊन द्या. त्याने या हंगामात तीन कामं पैसे घेऊन करावीत, भले रक्कम लहान असो. तीन बिलं झाली की मी स्वतः त्याच्याबरोबर बँकेत येतो. नाही झाली तर पाट परत आईला द्यावा. पोराचं तोंड जरा उतरलं, पण त्याने मान्य केलं. आतापर्यंत एक बिल झालं आहे, एका रोपवाटिकेचं, मल्चिंगवर. दुसऱ्याची बोलणी चालू आहेत. ते लोक फुकटात करून मागताहेत आणि पोरगं नाही म्हणायला शिकतंय.

परवा पुन्हा त्या ओसरीवर गेलो होतो. शेताच्या कडेला एका कुंडीत स्ट्रॉबेरीचं रोप ठेवलेलं, समोर जुना मोबाइल, वर प्लॅस्टिकचा आडोसा. फुलापासून लाल फळ व्हायला महिनाभर लागतो. सकाळी आठपासून तासातासाने दिवसाला दहा फोटो, म्हणजे महिन्याचे तीनशे आणि फीत बारा सेकंदांची. फूल उमलून नऊ दिवस झाले होते. दुपारच्या एकच्या फोटोची वेळ झाली तेव्हा पोरगं वर पाणी धरायला गेलेलं होतं. कारभारी उठले, हात धोतराला पुसले, आणि मला म्हणाले, "थांबा भाऊसाहेब, एवढा एक फोटू काढून आलो."